मदत हवी आहे: लॅपटॉपचा बोर्ड डेड, १९ व्होल्ट आतपर्यंत येतो पण ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेल (पुरवठ्याच्या लाइन) बनत नाहीत (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात नव्या पेठेजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एका बोर्डावर अडकलोय, जाणकारांनी वाट दाखवावी.

लॅपटॉप पूर्व भागातल्या एका चादर कारखानदारांचा आहे. १५ इंची, इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर. जेकार्डची डिझाइन्स ते याच्यावर करतात. कारखान्यात लाईट गेली, लगेच आली, पुन्हा गेली, आणि त्यानंतर हा सुरूच झाला नाही. चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही. डिझाइनच्या फाइली सुरक्षित आहेत. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनवर लावली आणि सगळ्याची कॉपी त्यांच्या हातात दिली. खरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. त्याचं लायसन्स याच मदरबोर्डला बांधलेलं आहे, बोर्ड बदलला की ते नव्याने घ्यावं लागणार. दुसऱ्या एका दुकानात त्यांना थेट ‘बोर्ड बदला’ असं सांगितलं गेलं. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय आहे. बोर्डावर कुठेही जळकट डाग नाही, आधी कोणी हात लावल्याची खूण नाही. असा बोर्ड फेकायला सांगणं मला पटत नाही.

आता मोजमापं सांगतो. बॅटरी, रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड सगळं काढून फक्त बोर्ड टेबलावर घेतलाय. अ‍ॅडॉप्टरऐवजी बेंच सप्लाय, १९ व्होल्ट, करंट लिमिट १ अँपिअरवर. सप्लायवर ०.०१ अँपिअर दिसतो आणि पॉवर बटण दाबलं तरी काटा हलत नाही.

जॅकवर १९ व्होल्ट आहे. पुढच्या दोन्ही मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) तो पार होतो, करंट सेन्सच्या रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंना तेवढाच मिळतो, म्हणजे मुख्य लाइन उभी आहे. चार्जर आयसीच्या एसीडेट (अ‍ॅडॉप्टर ओळखणाऱ्या) पायावर २.४ च्या वर व्होल्टेज आहे आणि एसीओके (अ‍ॅडॉप्टर ठीक असल्याचा इशारा) ३.३ ला हाय आहे. अ‍ॅडॉप्टर आलाय हे चार्जर आयसीला कळतंय, त्यामुळे तो भाग मी बाजूला ठेवला.

अडकलंय ते पुढे. ५ आणि ३.३ व्होल्ट बनवणारा आयसी टीपीएस ५१२२५ आहे, २० पायांचा. त्याच्या व्हीआयएन पायावर, म्हणजे १२ नंबरवर, १९ व्होल्ट आहे. ३ नंबरच्या व्हीरेग३ वर (आयसीच्या आतल्या ३.३ च्या छोट्या पुरवठ्यावर) बरोबर ३.३ आहे. १३ नंबरच्या व्हीरेग५ वर (तसाच ५ व्होल्टचा) मात्र शून्य. ईएन१ आणि ईएन२ (आयसीला चालू करणारे पाय) या बोर्डावर एकाच लाइनला जोडलेले आहेत आणि तिथे जेमतेम ०.०४ व्होल्ट मिळतो. ५ व्होल्टच्या आणि ३.३ व्होल्टच्या, दोन्ही कॉईलवर शून्य.

सप्लाय काढून दोन्ही कॉईलचा ग्राउंडशी रेझिस्टन्स बघितला. दोन्हीकडे किलोओहममध्ये आहे, शॉर्ट नाही. प्रोसेसरच्या कोअर कॉईलवर काही ओहमच दिसतात. नवीन मुलं तिथे बीप ऐकून प्रोसेसर गेला असं ठरवून मोकळी होतात. पण कोअरच्या रेलचा रेझिस्टन्स मुळातच इतका कमी असतो, म्हणून तिकडे मी गेलोच नाही.

नेमक्या याच रिव्हिजनचं स्केमॅटिक (सर्किटचा नकाशा) मिळालं नाही, जवळच्या रिव्हिजनचं आहे. त्यात ईएनची लाइन २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ईसीकडे (बोर्डाची पॉवर सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपकडे) जाते आणि दुसरी फांदी तापमानाच्या संरक्षण सर्किटकडे. बोर्डावर ट्रेस करून बघितलं, मांडणी तशीच आहे.

माझे प्रश्न असे:

व्हीरेग५ शून्य आहे याचा अर्थ आयसी गेला असा घ्यायचा का? असा नवा आयसी सोलापुरात हाताशी मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागतो. आणि कारण दुसरीकडेच असेल तर चांगल्या बोर्डाला विनाकारण हॉट एअरची आच लागेल.

ईएनवर बाहेरून ३.३ देऊन बघितलं तर चालेल का?

ईसीचं फर्मवेअर उडालं असेल का? बायॉसची चिप वाचून पुन्हा लिहावी का?

प्रतिसाद

मोजमापं व्यवस्थित लिहिलीत, त्यामुळे नेमकं बोलता येतंय.

आयसी मागवू नका. टीपीएस ५१२२५ च्या साध्या प्रकारात फक्त व्हीरेग३ कायम चालू असतो. व्हीरेग५ ईएन१ हाय झाल्यावरच येतो. नंबरच्या शेवटी ‘सी’ असलेल्या प्रकारात मात्र दोन्ही कायम असतात. तुमच्याकडे साधा असेल तर ईएन लो असताना व्हीरेग५ शून्य दिसणं हेच बरोबर वागणं आहे. आयसीला कोणी ‘चालू हो’ म्हटलेलंच नाही. आणि चार्जिंगचा दिवा बऱ्याच बोर्डांत ५ व्होल्टवरच चालतो, त्यामुळे तो न लागण्यावरून वेगळा काही निष्कर्ष काढू नका.

मॉसफेटचीही भीती आत्ता नको. हाय साइडचा (१९ व्होल्टकडचा) मॉसफेट शॉर्ट असता तर कॉईलवर १९ दिसले असते. लो साइडचा (ग्राउंडकडचा) शॉर्ट असता तर कॉईल ग्राउंडला बीप झाली असती.

आता सगळा निकाल त्या २.२ किलोओहमच्या रेझिस्टरवर आहे. सप्लाय चालू ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. ईसीच्या बाजूलाही शून्य असेल तर ईसी परवानगी देत नाहीये; मग ईसीचा ३.३ चा पुरवठा, पॉवर बटणाची लाइन, लिडचा (झाकणाचा) सेन्सर आणि सगळ्यात शेवटी फर्मवेअर. ईसीच्या बाजूला ३.३ आणि ईएनच्या बाजूला ०.०४ असेल तर ईसी आपलं काम करतोय आणि ईएनची लाइन कोणीतरी खाली ओढतंय. ते तापमानाचं सर्किट असेल, नाहीतर लाइनवरचा एखादा कपॅसिटर.

बाहेरून ३.३ थेट देऊ नका. लाइन खाली ओढणारा भाग असेल तर तुमचा सप्लाय त्याच्यातच करंट ओतत बसेल, आणि तापमानाचं संरक्षणही बाजूला पडेल.

बायॉसला तर इतक्यात हातच लावू नका. पुढे वेळ आलीच तर आधी चिप वाचून बॅकअप ठेवा, दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का ते बघा. चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ ची हे नंबरवरून खात्री करूनच प्रोग्रामर लावा. सीएच३४१ए या प्रोग्रामरच्या काळ्या बोर्डांत डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतो, तोही आधी मोजून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. व्हीरेग५ बद्दलचा खुलासा फार मोलाचा. आयसीवरचा नंबर भिंगाखाली बघितला, शेवटी ‘सी’ नाही.

रेझिस्टरची मोजणी केली. ईसीच्या बाजूला ३.३, ईएनच्या बाजूला ०.०४. म्हणजे ईसी जिवंत आहे. सप्लाय काढून ईएनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स घेतला तर साधारण २७ ओहम. हिशोब करून बघितला: २.२ किलोओहमच्या मागून ३.३ येत असेल आणि पुढे ग्राउंडकडे २७ ओहम असतील, तर तिथे ०.०४ च उरतो. आकडा जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

आधी तापमानाच्या सर्किटची फांदी सोडवली. काही फरक नाही, २७ तसाच. ती परत जोडली. मग ईएनवरून ग्राउंडला जाणारा एक बारीक कपॅसिटर आहे, तो उचलला आणि रेझिस्टन्स किलोओहममध्ये गेला. काढलेल्या कपॅसिटरवर मीटर धरला तर ते २७ ओहम त्याच्यातच. वरून बघून काहीच कळत नव्हतं, ना तडा ना रंग बदललेला.

आता ईएनवर ३.२ च्या आसपास आहे, व्हीरेग५ वर ५, आणि दोन्ही कॉईलवर ५ व ३.३ उभे आहेत. रॅम लावून बटण दाबलं तर करंट चढतो आणि बाहेरच्या मॉनिटरवर डिस्प्ले येतो.

एकच गोष्ट राहिली. तो कपॅसिटर मला तसाच गाळून टाकायचा नाही. ईएन किती उशिराने वर यावा यासाठी तो ठेवलेला असणार, आणि लाईट अशी ये-जा करते तिथे ही लाइन स्थिर राहिलेली बरी. जवळच्या रिव्हिजनच्या स्केमॅटिकमध्ये त्या जागी ०.१ मायक्रोफॅरड लिहिलंय. कोणाकडे हाच बोर्ड भंगारात पडला असेल तर तेवढा कपॅसिटर बोर्डावरून उचलून मोजून सांगाल का? तोवर मशीन टेबलावरच चालू ठेवतोय, कारखानदारांना अजून न्यायला बोलावलेलं नाही.