पाचव्यातून चौथा टाकताना दुसरा पडला. आता सिक्वेन्शियल करून टाकू का?

अंबडचा_टर्नर
गाडी अबार्थ पुंटो, २०१६ची, १४५ बीएचपी, पाच गिअरची मॅन्युअल. गेल्या रविवारी समृद्धीवरून इगतपुरीहून शिर्डीला निघालो होतो. ताशी ११०च्या आसपास, पाचव्यात आरपीएमचा काटा तीन हजारांवर. पुढच्या कंटेनरला ओलांडायचं म्हणून चौथा टाकायला गेलो आणि मूठ डावीकडे जरा जास्त सरकली. चौथ्याऐवजी दुसरा. क्लच सोडला तशी गाडीनं नाकच खुपसलं, काटा साडेसात हजारांपलीकडे, आणि बायकोच्या मांडीवरचा भडंगाचा पुडा थेट काचेवर. लगेच क्लच दाबला म्हणून वाचलो. कॉम्प्रेशन तपासून घेतलं, चारही सिलिंडर सारखे आहेत. भडंग मात्र अजून एसीच्या जाळीतून निघतोय.

तेव्हापासून डोक्यात एकच. सिक्वेन्शियल, म्हणजे बाइकसारखा लिव्हर पाहिजे, मागे ओढला की वरचा, पुढे ढकलला की खालचा. मधला गिअर चुकायची भानगडच नको. लिव्हरच्या जागी बसणारं किट बाहेरदेशी मिळतं, गिअरबॉक्स मूळचाच राहतो. माझ्या गाडीसाठी तयार मिळत नाही, पण स्वतःचं सीएनसी मशीन आहे, बनवून घेईन. कुणी केलंय का?

पंचवटीचा_पोऱ्या
दादा, एवढं करताच आहात तर स्टिअरिंगला पॅडल लावा की.

सातपूरचा_फिटर
पॅडल लाव म्हणणाऱ्यानं आधी हे सांगावं की पॅडल ओढल्यावर गिअर टाकणार कोण? त्याला मागे हवेचा नाहीतर हायड्रॉलिकचा ॲक्च्युएटर लागतो. ते राहू दे.

टर्नरभाऊ, तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घातल्यास. खरा सिक्वेन्शियल म्हणजे बॉक्सच वेगळा. आत पल्सरमध्ये असतो तसा ड्रम, त्याच्यावर नागमोडी खाचा, खाचेत गिअर सरकवणाऱ्या फोर्कची पिन. लिव्हर एकदा ओढला की ड्रम एक घर फिरतो, म्हणून दुसरा चुकून पडतच नाही. आणि रेसिंगच्या बॉक्समध्ये गिअरांचा वेग जुळवणारी सिंक्रो रिंग नसते, डॉग असतात. मोजके जाड दात, मध्ये मोकळी जागा. ते खाडकन बसवायचे असतात. आपल्याकडे लोक गिअर जपून टाकतात ना, तसं इथं केलंस तर दातांच्या कडा गोल होतात आणि पुढे गिअर आपोआप सुटायला लागतो. वर चढवताना लिव्हरवरचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो, ईसीयू क्षणभर स्पार्क तोडतो, तेवढ्यात दात बसतो. क्लच फक्त गाडी हलवायला. क्वाइफ, साडेव्ह या कंपन्या असले बॉक्स बनवतात. तुझी गाडी विकलीस तरी त्या पैशात बॉक्स बसून ट्यून होऊन येणार नाही.

तू म्हणतोस ते किट फक्त तुझ्या हाताचं काम बदलतं. सिंक्रो तोच, क्लच तोच, आणि मुख्य म्हणजे केबली त्याच. तुझ्या गाडीत लिव्हरपासून बॉक्सपर्यंत दोन केबली जातात. एक आडवी लाइन निवडते, दुसरी पुढे-मागे ओढते. निवडणाऱ्या केबलीला लूज असेल तर किटसुद्धा चुकीच्याच लाइनीत जाईल, फरक एवढाच की तुझ्या हाताला ते कळणार नाही.

आता एक कर. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. लिव्हर एका बोटानं डावीकडे पहिल्या-दुसऱ्याच्या लाइनीत ने आणि सोड. स्प्रिंगनं तो आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या लाइनीत यायला हवा. आळशासारखा अलीकडेच थांबला तर बॉक्सच्या टोकाला केबलीचा बुश, म्हणजे होलमधली बारीक बांगडी, बघ.

आणि मूठ सोड. पाचव्यातून नुसता न्यूट्रलला काढायचा, क्षणभर हात सैल, स्प्रिंग मधे आणते. मग उघड्या पंजानं सरळ मागे. डावीकडे तू ढकलायचंच नाही. रेव्ह लिमिटर वाचवेल या भरवशावर राहू नकोस. तो पेट्रोल तोडतो, पण तेव्हा इंजिन पेट्रोलवर नाही, चाकांनी फिरत असतं.

गंगापूर_रोडकर
एकदा रॅलीच्या गाडीत, खऱ्या सिक्वेन्शियलच्या, शेजारी बसून दोन किलोमीटर गेलो होतो. सरळ दातांच्या गिअरांचा आवाज असा की पिठाची गिरणी मांडीवर घेतल्यासारखं. आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबायचं तर पाच, चार, तीन, दोन, एक, खटखट करत उतरायचं. आपल्या नेहमीच्या एच-पॅटर्नमध्ये चौथ्यातून थेट दुसरा घेता येतो, ते सुख विसरा.
कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्वेअरला कारण सापडायला नको.

अंबडचा_टर्नर
फिटरकाका, केलं. लिव्हर डावीकडे नेऊन सोडला तर तिथंच बसून राहिला, जणू जेवण झाल्यावर मामा. बॅटरीचा ट्रे काढून बघितलं तर निवडणाऱ्या केबलीच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश अर्धा गायब. उरलेला नखानं निघाला. होल लंबगोल झालंय असं वाटलं, पण व्हर्नियर लावला, ते गोल आहे, फक्त बुश गेला.

संध्याकाळी पांढऱ्या डेल्रिनच्या (कडक प्लास्टिक) रॉडमधून दोन बुश टर्न केले. पहिला जरा जास्तच टाइट बसला, गिअर जड लागायला लागले. दुसऱ्याला किंचित क्लिअरन्स ठेवला. आता लिव्हर सोडला की टक् करून मधे येतो.

सिक्वेन्शियलचं तूर्त बाजूला ठेवलंय. पंजानं टाकायची सवय मात्र लागत नाहीये, दर वेळी मूठच वळते. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना तरी डावीकडे ढकलायचं ना?

सातपूरचा_फिटर
हो, तिथं ढकल. पण तळहात डावीकडे तोंड करून, अंगठा खाली. आणि पहिला बुश फेकू नकोस, आतून रीमर मारून मोकळा करून ठेव. दुसऱ्या केबलीचाही जाणारच आहे.