डोव्हरचा निकाल आणि आपला दशावतार

प्रेषक: माधवी, मेकॅनिक्सबर्ग
दिनांक: २१ डिसेंबर २००५

नमस्कार मंडळी,

(‘बरहा’ सॉफ्टवेअरवर मराठी टाइप करतेय, जोडाक्षरं फुटली तर सांभाळून घ्या.)

आपल्या पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेवरच्या खटल्याचा काल निकाल लागला. न्यायाधीश जोन्स यांनी १३९ पानं लिहिलीत आणि काहीही मोघम ठेवलेलं नाही. ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली, हे मत) हे विज्ञान नव्हे, निर्मितीवादच, म्हणजे देवाने सृष्टी घडवली हे मतच, नवे कपडे घालून आलाय, आणि सरकारी शाळेत जीवशास्त्राच्या तासाला तो आणणं अमेरिकेच्या घटनेत बसत नाही. जोन्स हे राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले रिपब्लिकन, त्यामुळे ‘लिबरल जज्ज’ अशी ओरड करायचीही सोय राहिली नाही.

आपल्यातले बरेच जण यॉर्क काउंटीत राहतात, तरी हा विषय निघाला की आपण ‘ते त्यांचं चर्चचं भांडण’ म्हणतो आणि वड्यांच्या टेबलाकडे वळतो. म्हणून थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिथल्या स्कूल बोर्डाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की नववीच्या मुलांना उत्क्रांती शिकवण्याआधी एक निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनचा सिद्धान्त ही ‘फॅक्ट’ नाही, त्यात फटी आहेत, दुसरं स्पष्टीकरण हवं असेल तर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक शाळेत ठेवलंय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी जानेवारीत अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वाचलं. तोवर अकरा पालक कोर्टात गेले होते.

ऑक्टोबरात मी एक दिवस रजा टाकून हॅरिसबर्गच्या कोर्टात जाऊन बसले होते. बोर्डाचे मुख्य साक्षीदार मायकेल बीही, लीहाय विद्यापीठातले बायोकेमिस्ट, उलटतपासणीला उभे होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा उत्क्रांतीने कशी घडली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. मी दिवसभर ब्लड बँकेत अँटिबॉडीच बघते, तेव्हा कान टवकारले. पालकांच्या वकिलाने एकेक कागद त्यांच्यासमोर ठेवायला सुरुवात केली. ५८ शोधनिबंध, ९ पुस्तकं, वर पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं. एवढा ढीग झाला, तरी बीहींचं म्हणणं तेच, हे पुरेसं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

आदल्या दिवशी त्यांनी कबूल केलं होतं की विज्ञानाची त्यांची व्याख्या धरली तर ज्योतिषही त्यात बसेल. ते पेपरात वाचलं आणि २००१ साल आठवलं. भारतात युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढायचे ठरवले आणि नारळीकरांसारखे लोक विरोधात उभे राहिले, ते.

माधवी

---

प्रेषक: श्रीकांत, लँकेस्टर
दिनांक: २१ डिसेंबर २००५

माधवी,

छान लिहिलंस, पण एक बाजू धरून लिहिलंस.

मी चाळीस वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलं, बायबलशी माझा संबंध हॉटेलातल्या टेबलाच्या खणापुरता. तरी विचारतो. एका मिनिटाच्या निवेदनाने कोणतं आकाश कोसळणार होतं? आपल्याकडे आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडायचं, मग खंडन. शंकराचार्यांनी तेच केलं. मुलांना दोन्ही ऐकू देत, ठरवतील ती. तिकडे कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासात हिंदूंबद्दल काय छापावं यावर आपली माणसं सुनावणीला जाऊन आपली बाजू मांडताहेत, तेव्हा मंडळाच्या या ई-मेल यादीवर टाळ्या पडल्या. मग इथल्या लोकांनी त्यांची बाजू मांडली की ते मागास?

आणि उत्क्रांतीचं आपल्याला वावडं असायचं कारणच नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाण्यातला, पाण्याकाठचा, जमिनीवरचा, अर्धा माणूस, बुटका माणूस. डार्विनच्या किती आधी! मी कुडाळचा. लहानपणी रात्रभर जागून दशावतारी बघितलेत. माझा डार्विन तिथेच झाला म्हण.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: समीर
दिनांक: २१ डिसेंबर २००५

माधवीताई, काका,

मी डोव्हरमध्येच राहतो, मुलगा तिसरीत. दोनच गोष्टी सांगतो.

८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत बोर्डाच्या आठ जागा होत्या, आठही ठिकाणी जुने लोक पडले. म्हणजे कोर्टाच्या आधी गावानेच निकाल लावला. अंगणाअंगणात पाट्या होत्या, एकाच घरात नवऱ्याची एक आणि बायकोची दुसरी असंही मी पाहिलं. मला मत नाही, ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे.

दुसरं, पालकांच्या वकिलांचा खर्च जिल्ह्याने द्यायचा असं निकालात आहे. म्हणजे स्कूल टॅक्समधून. मतदानाला मी नाही, पण बिलाला आहे!

समीर

---

प्रेषक: माधवी, मेकॅनिक्सबर्ग
दिनांक: २२ डिसेंबर २००५

काका,

पूर्वपक्षाचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. तुमच्या पत्रातला तोच खरा मुद्दा आहे.

पण डोव्हरमध्ये जे झालं तो पूर्वपक्ष नव्हता. अधिकारी वर्गात आले, चार परिच्छेद वाचले, आणि यावर चर्चा होणार नाही, शिक्षक प्रश्नांची उत्तरं देणार नाहीत, असं सांगून निघून गेले. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी पालकांची चिठ्ठी आणून बाहेर थांबायचं. पूर्वपक्ष मांडणारा समोर बसतो, काका. शंका घेऊ देतो. इथे उत्तरपक्षालाच वर्गाबाहेर काढलं होतं. नववीतलं पोर घरी काय घेऊन जाणार? एवढंच, की सर जे शिकवतात त्यात काहीतरी गडबड आहे, आणि ती काय हे विचारायचं नाही.

शिवाय बाजू त्यांची असती, तर ती त्यांनी स्वतःच्या नावाने मांडायला हवी होती. त्या ‘पांडाज’ पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले. १९८७ साली लुइझियानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निर्मितीवाद शिकवण्याचा कायदा रद्द केला, आणि त्यानंतरच्या मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’च्या जागी सगळीकडे ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ आले. एके ठिकाणी जुना शब्द अर्धाच पुसला गेला, तिथे ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असं भलतंच जनावर छापलंय. आपण मंडळाच्या घटनेत ‘चेअरमन’ काढून ‘अध्यक्ष’ घातला आणि ‘चेअरमननी’चं ‘अध्यक्षनी’ झालं, तसंच! आमच्या ऑफिसात या शब्दाची झेरॉक्स फ्रिजवर लावलीय.

कॅलिफोर्नियाबद्दल तुम्ही मला बरोबर पकडलंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. तिथली धर्मावरची प्रकरणं चुकीची असतील तर ती सुधारायलाच हवीत. पण जी दुरुस्ती पुराव्याने नाही, नुसत्या ‘आमच्या भावना’ म्हणून मागितली जाते तिला आपणही नाही म्हटलं पाहिजे. सगळ्या दुरुस्त्या मी वाचलेल्या नाहीत. न वाचता टाळ्या वाजवल्या, हे खरं.

आता दशावतार. मासा कासव होत नाही, कासव डुक्कर होत नाही. दर वेळी विष्णू नव्याने येतो. वामनानंतर परशुराम, राम, कृष्ण सगळी माणसंच, तिथे शिडी संपते. आणि ही जुळवणी डार्विनच्या आधीची नाही. थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ साली न्यूयॉर्कला छापलेल्या पुस्तकात ती आहे, म्हणजे डार्विनचं पुस्तक येऊन अठरा वर्षं झाल्यावर. आधी उत्तर हातात आलं, मग आपण प्रश्न पुराणात शोधला. बीहींसमोर उत्तरांचा ढीग होता आणि ते ‘उत्तर नाही’ म्हणत होते, आपलं बरोबर उलट.

एक कल्पना करा. बोर्डाने उद्या म्हटलं, ठीक आहे, सगळ्यांच्या कथा घ्या. मग त्या एका मिनिटात वराहाला किती सेकंद मिळतील? आणि ते वाचणारा अधिकारी कोणत्या सुरात वाचेल? माझ्या मुलीसमोर तो सूर मला नको आहे. दशावतार ज्याने रात्रभर जागून पाहिलाय त्याने तो सांगावा.

माधवी

---

प्रेषक: सचिव
दिनांक: २२ डिसेंबर २००५

सर्वांना विनंती. धार्मिक आणि राजकीय चर्चा यादीबाहेर करावी, असा आपला नियम आहे. आत्तापर्यंतचं वाचायला मजा आली, हेही खरं. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी मराठी शाळेच्या मुलांचा एक प्रवेश हवा आहे, वेळ १२ मिनिटं, नावं या आठवड्यात द्यावीत. तिळगुळाचं कुणी अजून घेतलेलं नाही.

---

प्रेषक: श्रीकांत, लँकेस्टर
दिनांक: २३ डिसेंबर २००५

सचिवसाहेब, हे शेवटचं.

माधवी, विज्ञान कोणतं आणि कोणतं नाही हे जज्जाने ठरवावं, हे मला अजून पटलेलं नाही. त्या ज्योतिषाच्या प्रकरणात गेल्या वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टाने अभ्यासक्रम तज्ज्ञांवर सोडला. ते तुला आवडलं नसणार, पण रीत मला तीच बरी वाटते. डोव्हरमध्ये गावाने बोर्ड पाडलंच होतं, थोडं थांबले असते तर कोर्टाची गरज पडली नसती.

‘प्रश्न विचारायचे नाहीत’ हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते वाईट.

ब्लाव्हाट्स्कीबाईंचं ऐकून आमची ही दिवसभर हसतेय. मी तीस वर्षं ही जुळवणी प्रत्येक अमेरिकन पाहुण्याला ऐकवलीय.

१२ मिनिटं असतील तर माझं नाव लिहा. दशावतारीच्या सुरुवातीला संकासुर येतो, वेद पळवणारा. काळा झगा, डोक्यावर टोक, लोंबणारी लाल जीभ. भटजी त्याला काही विचारतो, तो भलतंच उत्तर देतो, लोक लोळतात. मुलांना जमेल. भटजीला समीरचा मुलगा चालेल का? संकासुर मीच. जिभेसाठी लाल फेल्ट घरात आहे, काळ्या झग्याचं मात्र कुणीतरी बघा.

श्रीकांतकाका