देवाने निवडलेले लोक: कृपा की वशिला?

होळकरी मिरची:
ऑफिसमध्ये एक ख्रिश्चन मित्र आहे, अगदी भला माणूस. परवा डबा खाताना म्हणाला, आम्ही देवाने निवडलेले लोक, पण आमच्या कर्तबगारीने नाही, निव्वळ कृपेने. म्हटलं भिया, हे काय प्रकरण? मग त्याच्याकडून नवा करार (बायबलचा दुसरा भाग) घेऊन त्यातलं येशूचा प्रेषित पौल याचं रोमकरांना लिहिलेलं पत्र वाचलं, नववा अध्याय. याकोब आणि एसाव जुळे भाऊ, अजून जन्मलेही नाहीत, बरं-वाईट काहीच केलेलं नाही, तरी देवाने धाकट्याला, याकोबाला, निवडून ठेवलं! याला कृपा म्हणायचं का वशिला? त्यापेक्षा आपलं कर्म बरं, करावं तसं भरावं. निवड म्हटली की कोणीतरी वगळला जाणारच ना.

रामबागचा बंडू:
+१. आणि हे पोथीपुरतं राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट चर्चने, वर्णभेदाला धर्माचा टेकू दिलाच होता की. १९८२ ला ओटावामध्ये जगातल्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या संघटनेने त्याला पाखंड ठरवलं, तोपर्यंत कितीजण भरडून निघाले.

नगरची लेक:
मी ख्रिस्ती, माहेर नगर, सासर इंदूर. बंडूभाऊ, आफ्रिकेत झालं ते पापच, त्यावर वाद नाही. पण शास्त्र उलटं सांगतं हो. बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे, त्याच्या ७ व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना सरळ म्हणतो की तुम्ही संख्येने जास्त म्हणून नाही निवडलं, तुम्ही तर सगळ्यात थोडके होता. आणि आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३ ऱ्या अध्यायात, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत फक्त तुम्हालाच जवळ केलं, *म्हणूनच* तुमच्या पापांचा जाब घेईन. वशिल्याच्या माणसाची कोणी अशी झडती घेतं का? इफिसकरांच्या पत्रात तर स्पष्टच आहे, तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून.

होळकरी मिरची:
बढाई नको हे मान्य ताई, पण एसावचं काय ते सांगा ना.

पलासियाकर:
मिरचीभाऊ, हे भांडण त्यांच्यातही जुनं आहे. धर्मसुधारक कॅल्विनचे अनुयायी म्हणतात निवड सर्वस्वी देवाची, डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी म्हणतात माणूस कृपा नाकारूही शकतो, यावरून १६१८-१९ ला हॉलंडमध्ये डॉर्टची मोठी धर्मसभा भरली आणि आर्मिनियसवाले हरले. आपल्या इंदूरचं क्रिश्चियन कॉलेज ज्या कॅनेडियन मिशनने काढलं ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतले.
आणि 'आपलं कर्म बरं' हेही अर्धंच. कठोपनिषद काय म्हणतं, यमेवैष वृणुते तेन लभ्यः, तो ज्याला निवडतो त्यालाच मिळतो. श्रीवैष्णवांत तर यावर दोन पंथ पडले, एकांचा भक्त माकडाच्या पिल्लासारखा स्वतः धरून राहणारा, दुसऱ्यांचा मांजरीच्या पिल्लासारखा, आईच तोंडात धरून नेते, पिल्लू काही करत नाही. तेव्हा फार ऐटीत बोलू नये 😄

होळकरी मिरची:
उपनिषद एकेका साधकाबद्दल बोलतंय हो, अख्ख्या जमातीला निवडत नाही. फरक आहे.

नगरची लेक:
जमात कसली? पेत्राच्या पहिल्या पत्रात 'निवडलेला वंश' म्हटलंय ते कोणाला, तर देशोदेशी विखुरलेल्या, उपऱ्यासारखं जगणाऱ्या लोकांना. पुढच्याच ओळीत, पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात. आणि रोमकर ११ मध्ये यहुदी नसलेल्यांना बजावलंय, तुम्ही रानटी जैतुनाची फांदी, कलम करून लावलेली, मुळाला तुम्ही नाही, मूळ तुम्हाला धरून आहे.
एसावचं विचारता, तर त्या जागी पौल म्हणतो, अरे मानवा, देवाला उलट बोलणारा तू कोण?

होळकरी मिरची:
हे तर साहेबी उत्तर झालं. प्रश्न विचारला की गप्प बस.

नगरची लेक:
मलाही तिथे अडखळायला होतं, खोटं कशाला बोलू. पण तो तिथे थांबत नाही, अकराव्याच्या शेवटाकडे म्हणतो, देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं, ते सगळ्यांवर दया करावी म्हणून.

रामबागचा बंडू:
सगळ्यांवर? मग निवड उरलीच कुठे. तुमच्या पाळकांना चालतं का हे?

नगरची लेक:
सगळ्यांना नाही चालत. आमच्या घरातच सासरे एकीकडे आणि मी एकीकडे.