मदत हवी आहे : नागपुरात शाळेतला रेडॉन मोजायचाय, फिल्म एचिंग कुठे होईल?

रेडॉन म्हणजे जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू; मोजायचे तळमजल्याचे सहा वर्ग आहेत. एलआर-115 फिल्मचे (हिच्यावर अल्फा कणांच्या खुणा उमटतात) पिनहोल डोसिमीटर, म्हणजे बारीक छिद्रांचे, रेडॉन आणि थोरॉनसाठी वेगळे कप्पे असलेले मापक डबे, 90 दिवस टांगायचे, जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून निदान 30 सेंटिमीटर दूर. थोरॉन हा रेडॉनचाच समस्थानिक, त्याचं अर्धायुष्य जेमतेम 56 सेकंद, त्यामुळे भिंतीलगत त्याच्या कप्प्याचा आकडा उगाच फुगतो. रेडॉन शोषून मोजणारे कोळशाचे डबे बाद केले: दोन-चार दिवसांचंच चित्र देतात, शिवाय दमट हवेत कोळसा पाणी शोषतो आणि रेडॉन कमी धरतो. मे महिनाही नको. आपले कूलर बाहेरची हवा आत ढकलतात, म्हणजे रीडिंग खोटं समाधान देणार. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरुवात बरी, नाहीतर बंद वर्गांचे दिवसही त्यात मिसळतील.

अडलंय ते इथे: 2.5 नॉर्मल कॉस्टिक सोडा, 60 अंश, 90 मिनिटं असं एचिंग (फिल्मवरच्या खुणा रसायनाने मोठ्या करणं) आणि त्या खुणा ठिणग्यांनी मोजणारा स्पार्क काउंटर, दोन्ही शहरातल्या कुठल्या भौतिकशास्त्र विभागात मिळेल? मूळच्या खुणा वजा करायला न उघडलेल्या कोऱ्या फिल्म किती ठेवता?

आणि पालकांना कसं सांगता? जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी 100 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर, ती शक्य नसेल तर कमाल 300. दोन आकडे ऐकले की लोक गोंधळतात.