पेटीतला पैसा आणि ‘काम नाही तर भाकर नाही’

फुलवाडी
परवा इथेच, या फोरमवर, स्पष्टवक्ता यांनी ‘भिकेची पेटी बंद करा’ असा लेख टाकला. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वसईतल्या आपल्या चर्चच्या दाराशी असलेल्या, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत पैसे टाकून आपण लोकांना आळशी करतो. मदत हवी त्याने दाखला आणावा. पैसा आधी आपल्या धर्मग्रामातल्यांना, म्हणजे आपल्याच चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिकांना, द्यावा, पूर्वेकडच्या चाळींत नको. आणि वर संत पौल, जो काम करत नाही त्याने खाऊही नये. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. मी या पेटीचं काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पौल. थेस्सलनीकातली काही मंडळी काम सोडून दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसत बसली होती, त्यांना ते सुनावलेलं आहे. त्याच पौलाने मासेदोनिया आणि करिंथच्या मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. त्या गरिबांकडे दाखले मागितल्याचं निदान मी तरी वाचलेलं नाही.

आता आपले कष्ट. आजोबांनी राहाट चालवला, पानवेली लावल्या, आजीने पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या मुंबईला नेल्या, सगळं खरं. पण आज वसईच्या पश्चिमेला जे बंगले उभे आहेत त्यातले किती केळी विकून झाले? गुंठ्याला भाव आला तो घामाला आला नाही. मुंबईत जागा परवडेना म्हणून लाखो लोक नालासोपारा-विरारला राहायला आले, म्हणून आला. ज्यांना आपण ‘बाहेरचे’ म्हणतो त्यांच्या गरजेवर आपण श्रीमंत झालो, आणि आता त्यांनाच विचारतो, कामाचा दाखला कुठाय?

मध्यंतरी आम्ही एका खोलीवर गेलो होतो. माणूस प्लास्टरचं काम करणारा, परांचीवरून पडला, कंबरेत मोडला. मूळचा जालन्याकडचा, म्हणजे बाहेरचाही नव्हे. खिळ्याला एक्स-रेचं पाकीट टांगलेलं. बायको जमिनीवर बसून नकली दागिन्यांना खडे चिकटवत होती, डझनावर पैसे मिळतात. आमच्याशी बोलताना चिमटा हातातून सोडला नाही, कारण गोंद सुकतो. ठेकेदार फोन उचलत नाही. आम्ही तांदूळ, तेल आणि औषधांचे पैसे दिले. कुटुंब कॅथलिक नाही. फ्रेडरिक ओझानामने 1833 साली पॅरिसमध्ये मित्रांबरोबर हे काम सुरू केलं. मदत करताना धर्म विचारायचा नाही ही सोसायटीची रीतच आहे.

चौथ्या शतकात कैसरियाचा संत बासिल धनिकांना सांगत होता की कपाटात पडून राहिलेला अंगरखा उघड्याचा आहे. मिलानचा संत अंब्रोज तर गरिबाला देण्याला परतफेडच म्हणायचा. ज्यांना हे साम्यवादी वाटतं त्यांनी बिशपांच्या यादीतून या दोघांची नावं खुशाल खोडावीत.

स्पष्टवक्ता
ताई, भावनिक लिखाण उत्तम. आता मुद्द्यावर या.

‘आधी घरचे’ हे माझं नाही, पौलाचंच आहे. गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय: सर्वांचं बरं करा, विशेषतः विश्वासाने एका घराण्याचे झालेल्यांचं. आणि प्रेषितांच्या कृत्यांतला हनन्या आठवा. जमीन विकून थोडे पैसे लपवले म्हणून तो मेला असं सगळे सांगतात. पेत्र काय म्हणाला? ती तुझीच होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते. पाप खोटं बोलण्याचं. मालकीचं नाही.

जमिनीच्या भावाबद्दल तुम्हाला टोचणी लागली असेल तर स्वतःची वाडी विकून वाटा. 2009 मध्ये आमच्या गावांवर महापालिका लादली तेव्हा आम्ही मोर्चात होतो. आम्हाला ही इमारतींची भरभराट नकोच होती.

दाखला का म्हणतो तेही ऐका. आमच्याकडे एक गृहस्थ बायकोच्या ऑपरेशनचा कागद घेऊन आले. दिले पैसे. नंतर कळलं, त्याच कागदाची झेरॉक्स शेजारच्या दोन धर्मग्रामांतही फिरली होती, आणि ऑपरेशन झालंच नव्हतं. फुकट मिळालं की माणूस बिघडतो. आपण वसईकर काही दुष्काळात दूध पावडरीसाठी बाप्तिस्मा घेतलेले नव्हेत. फुकट खाऊन धर्म घेतलेल्यांचं पुढे काय होतं ते घाटावर जाऊन बघा.

हिशेबनीस
शेवटची दोन वाक्यं नसती तर बरं झालं असतं. आता धागा गेला.

नगरी_खाक्या
घाटावर जाऊन बघा म्हणे. कशाला त्रास घेता, घाटच इथे आलाय.

माझी पणजी दुष्काळातच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आली. पंडिता रमाबाईंनी 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत उपाशी मुलीबाळी मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यातली एक. फुकट खाल्लं का तिने? तिथे छापखाना होता, मुली खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर त्याच मुलींच्या हातून छापलं गेलं. म्हणजे ज्या पुस्तकातून तुम्ही आम्हाला ‘काम नाही तर खाऊ नको’ ऐकवताय, ते माझ्या पणजीसारख्या पोरींनी अक्षर अक्षर लावून छापलंय.

1972 ला माझे वडील शाळकरी होते. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर. भाकरी थापली की कडेने चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. ती सगळ्या गावाने खाल्ली, पाटलानेसुद्धा. पण ‘परदेशी धान्यावर जगलेले’ हे बिरूद फक्त आम्हाला लागलं. पाटील मिलो खाऊन पाटीलच राहिला.

आणि तुम्ही पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालात. त्या राजवटीत बाप्तिस्मा घेणाऱ्याला काहीच फायदा नव्हता का? तुमच्यातले काही जण आजही लग्नात पाहुण्यांना सांगतात, आम्ही मूळचे सामवेदी ब्राह्मण. पोर्तुगीज 1739 ला गेले, वसई चिमाजी अप्पांनी घेतली, पण जात काही गेली नाही.

स्पष्टवक्ता
विषय दानाचा आहे, जातीचा नाही. तुम्हाला प्रत्येक ठिकाणी जातच दिसते.

नगरी_खाक्या
दिसते, कारण कागदावर दिसते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदू असू शकत होता. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दाराबाहेर. माझ्या पुतण्याला शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारलं, चर्चमध्ये जाता का? खरं बोलला, फॉर्म परत. शेजारच्या घरातला मुलगा रविवारी आमच्याच बाकावर बसतो, पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू आहे. त्याला मिळाली. आता पुतण्याने मंडळीकडे फीसाठी हात पसरला की तुमच्यासारखे म्हणणार, आळशी.

हिशेबनीस
एक दुरुस्ती. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. अगदीच काही नाही असं नाही.

नगरी_खाक्या
धन्यवाद साहेब, ओबीसीचा दाखला घरात आहे. त्याने अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळत नाही, राखीव जागेवरून निवडणूक लढवता येत नाही. आणि गावात जातीवरून मारहाण झाली तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागत नाही. मारणारा मात्र आधी धर्म विचारून मारत नाही.

शंकेखोर
मी हिंदू आहे, इथे नुसता वाचत असतो. पण वरचा वाद वाचून विचारावंसं वाटलं: भुकेल्याला भाकरी देताना धर्मही पुढे केला जातो हे तुम्ही स्वतःच मान्य करताय ना? मग लोक संशय घेतात यात नवल काय?

फुलवाडी
दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही. मी ज्या खोलीबद्दल लिहिलं तिथे गणपतीचा फोटो होता, आम्ही त्याच्याखाली बसून चहा प्यायलो. पुढच्या वेळी फोटो तिथेच असेल, आणि नसला तर मला विचारू नका, घरमालकाने खोली रिकामी करून घेतली असेल.

शंकेखोर
तुमचं पटलं. सगळ्यांचं नाही.

कोळीवाडा_उत्तन
मला दाखले, जात यातलं काही नको. मला पाट्यांचं बोलायचंय. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रत्येक बाकाला पितळी पट्टी, ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’. पंख्याच्या पात्यावर नाव. सणाच्या पुस्तिकेत देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने! डाव्या हाताला कळू नये म्हणाला होता प्रभू, इथे पंख्याच्या प्रत्येक फेरीला कळतंय. बायबलातल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, दरवर्षी प्रवचन होतं, पण त्या विधवेला पुस्तिकेत जागा नाही. तिची रक्कम यादीच्या किमान आकड्याखाली येते.

मासळी कमी झाली, बोटींना डिझेल परवडत नाही. मागच्या वर्षी आमच्या आळीतल्या एकीने लाजेकाजेस्तव कर्ज काढून देणगी दिली, कारण यादीत नाव नसलं तर दिसतं.

टोरांटोतून
नावं छापायची नाहीत म्हटलं तर देणग्या अर्ध्यावर येतील, मी दोन वर्षं खजिनदार होतो, अनुभवाने सांगतो. असो. मला त्या प्लास्टरवाल्या कुटुंबासाठी पैसे पाठवायचे आहेत. कसे?

हिशेबनीस
पासपोर्ट भारतीय आहे की कॅनडाचा? भारतीय असेल तर तुमच्या नेहमीच्या बँकखात्यातून दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी, तो परदेशी पैसा होतो. मग तो फक्त परदेशी देणगीसाठी नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यात घेता येतो. आणि परदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. धर्मग्रामातल्या पेटीला तुमचे डॉलर चालणार नाहीत.

जाता जाता मूळ मुद्दा. 1918 मध्ये मोन्सेनियर मोनीस या धर्मगुरूंनी बसीन (म्हणजे वसई) कॅथलिक पतपेढी काढली, तीच आजची बँक. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायला त्यांनी भीक नाही, कर्ज दिलं. वसई उभी राहिली ती पेटीवर नाही, पतपेढीवर. एवढ्यापुरता मी स्पष्टवक्त्यांच्या बाजूला आहे, नाइलाजाने.

फुलवाडी
कंबर मोडलेल्याला कर्ज कुठली बँक देते? तारण काय, एक्स-रे?

नगरी_खाक्या
आमच्याकडे फादर हर्मन बाखर होते, स्विस जेझुइट. त्यांनी नगर भागात पाणलोटाचं काम उभं केलं, पुढे भारत-जर्मन कार्यक्रम त्यातूनच आला. नुसतं धान्य वाटून थांबले नाहीत. गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच बांध. आज ज्या शिवारांत पाणी आहे तिथले मराठा, धनगर सगळे ते नाव आदराने घेतात.

स्पष्टवक्ता
म्हणजे अट घातलीच ना! हेच मी तीन दिवस ओरडतोय. पाद्रीने घातली की ती दूरदृष्टी, मी घातली की मी हृदयशून्य.

नगरी_खाक्या
अट गावाला घातली होती, पाण्यासाठी. भुकेल्या पोराला भाकरी देताना नाही. एवढा फरक कळत नसेल तर तुमचा पौल तुम्हालाच लखलाभ. आणि ‘दूध पावडर’चं काय ते आधी सांगा.

स्पष्टवक्ता
‘दूध पावडर’ खोडून टाकतो. तुमच्या पणजीच्या मानाखातर, तुमच्या नाही. बाकीचं एक अक्षर मागे घेत नाही. झेरॉक्सवाल्या गृहस्थाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

फुलवाडी
मी देते. आम्ही घरी जातो ते त्याचसाठी, दोघं मिळून. तुमच्याकडे तो कागद घेऊन आला आणि तुम्ही ऑफिसात बसून पैसे दिलेत. घरी कुणी गेलं होतं का? दाखला सही करणाऱ्याला ओळखतो, घरी जाणारा माणसाला. एकदोघांनी फसवलंय आम्हालाही. पण त्यांच्यामुळे बाकीच्या पंचवीस घरांचा तांदूळ थांबवायचा?

स्पष्टवक्ता
घरी कुणी गेलं नव्हतं, मान्य.

पण मग मला एक सांगा. माणूस कामावर पडला. जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची. तुम्ही तांदूळ देऊन त्या ठेकेदाराला मोकळं सोडताय. ही तुमची परतफेड भरतोय कोण? पेटीत दहा रुपये टाकणारी म्हातारी. आणि बिल्डर पुढच्या सणाला मंडप देणार, व्यासपीठावर शाल घेणार.

हिशेबनीस
हे मात्र बरोबर. कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी 1923 चा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ठेकेदार हात वर करत असेल तर ज्याचं काम चाललं होतं त्या मुख्य मालकाकडेही मागता येतं. अपघातापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. हजेरीचा कागद नसला तर बरोबरच्या मजुरांची साक्ष, हॉस्पिटलातल्या नोंदीत ‘कामावर पडला’ असं लिहिलंय का ते आधी बघा.

फुलवाडी
नोंदीत ‘घरी पडला’ लिहिलंय. दाखल करायला ठेकेदाराचाच माणूस घेऊन गेला होता.

नगरी_खाक्या
वा.

स्पष्टवक्ता
बरोबरचे मजूर अजून त्याच साइटवर आहेत का? नंतर सापडत नाहीत ते. माझा मेव्हणा वसई कोर्टात वकिली करतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी घेणार नाही, पण मला आभारप्रदर्शन नको आणि त्या पुस्तिकेत नाव तर अजिबात नको. आणि याचा अर्थ पेटीला माझा पाठिंबा असा कुणी काढू नये.

फुलवाडी
व्यनि केलाय. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर निघू, तोवर तांदूळ चालूच राहील.

टोरांटोतून
पासपोर्ट भारतीयच आहे. खाते क्रमांक पाठवा.

कोळीवाडा_उत्तन
आणि पंख्यांचं? त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.