२० मिलिग्रॅम म्हणजे ‘गरिबांचा डोस’ नव्हे

निशिगंध:
कालपासून कॅन्सरच्या एका औषधाबद्दल पोस्ट फिरतेय: ‘श्रीमंतांना पूर्ण औषध, गरिबांना बारावा हिस्सा. टाटाने गरिबांवर प्रयोग केले.’ वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लांबलचक.

ते औषध निवोलुमॅब: शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला मोकळं करणारं इंजेक्शन. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिग्रॅ. टाटा मेमोरियलच्या चाचणीत दिले २० मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी. तोंड-घशाचा बळावलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिबच्या गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि वर हे औषध. वर्षभराने जिवंत: १६.३ टक्के विरुद्ध ४३.४ टक्के. कुणाचं औषध कापलेलं नाही. ज्यांना शून्य मिळत होतं त्यांना २० मिळालं. आपल्यासारख्या देशांत मान्यताप्राप्त महागडी औषधं १ ते ३ टक्के रुग्णांच्याच आवाक्यात आहेत, हे शोधनिबंधाच्या सुरुवातीलाच लिहिलंय.

कोरडवाहू:
ती पोस्ट मीही पुढे पाठवली आणि मला पश्चात्ताप नाही. आमच्याकडे सगळंच ‘परवडेल तेवढं’ मिळतं. शाळा, पाणी, दवाखाना. आता डोसही. मुंबईतल्या पैसेवाल्याला २० देतात का?

अनुस्वार:
भावना बाजूला ठेवू. कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला आहे का, हे या चाचणीत तपासलेलंच नाही. पूर्ण डोसचा गटच नव्हता. आणि मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जेवढं जगले ते, ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेलं. साडेतीन महिन्यांसाठी एवढा गाजावाजा?

निशिगंध:
पूर्ण डोसने किती मिळाले होते? २०१६च्या चेकमेट १४१ या पूर्ण डोसच्या चाचणीत ५.१ महिन्यांवरून ७.५. त्यावर जगभर मान्यता मिळाली. शिवाय प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरचं पीडी-१, म्हणजे हे औषध जिथे चिकटतं ती जागा, अगदी थोड्या औषधानेही जवळजवळ भरून जातं, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं. २० हा आकडा हवेतून काढलेला नाही.

अनुस्वार:
दोन चाचण्यांचे आकडे असे शेजारी मांडायचे नसतात. तिथले रुग्ण सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनम केमोनंतर सहा महिन्यांच्या आत आजार पुन्हा बळावलेले होते. पीडी-१चा मुद्दा मान्य. तेवढाच.

वाटसरू:
मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाही. तीस वर्षं मावा खायचा आणि मग सरकारने, ट्रस्टने खर्च करायचा? २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. आमच्या चौकात पानटपरीवर मागितलं की पुडी हातात. आधी ते बंद करा, मग डोसचं बोला.

कोरडवाहू:
वाटसरू, जपून बोला. माझी आई ऊसतोडीला जायची. पहाटे तीनला उठून मिश्री लावायची, कारण दुपारपर्यंत भाकरी नसायची आणि मिश्रीने भूक मरायची. तिला कुणी सांगितलं होतं कॅन्सर होतो म्हणून? गालाला भोक पडलं तेव्हा कळलं.

वाटसरू:
तुमच्या आईंबद्दल बोललो नाही. पण आज पुडीवर सडलेल्या जबड्याचं चित्र असतं, तरी पोरं खातात. माझा सख्खा भाचा खातो. पुडी हिसकावली तर अंगावर धावून आला. कुठवर समजून घ्यायचं?

कोरडवाहू:
तुमचा भाचा आणि माझी आई एका मापात मोजू नका. बंदी असून माल येतो कुठून, ते विचारा. ट्रक अडवायची ताकद नाही म्हणून आजाऱ्याला शिव्या देताय.

वाटसरू:
ट्रकचं बरोबर आहे. शिव्या दिल्या नाहीत. तरी ‘खर्च कशाला’ हे लिहायला नको होतं.

निशिगंध:
आता ‘साडेतीन महिन्यां’बद्दल सांगते. माझ्या काकांचं तोंड दोन बोटंही जाणार नाहीत इतकंच उघडायचं. काकू मऊ भात मिक्सरमधून काढून, गाळून, नाकातल्या नळीतून मोठ्या सिरिंजने द्यायची. एका मोठ्या रुग्णालयात पूर्ण डोसचं कोटेशन हातात ठेवलं आणि ‘जमत नसेल तर घरी न्या’ म्हणाले. घरी आणलं. २० मिग्रॅचं कुणी बोललंच नाही. धाकट्या बहिणीचं लग्न सात आठवड्यांवर होतं. काका पाच आठवड्यांनी गेले. साडेतीन महिने थोडे की फार, हे मी त्या मांडवात मोजलंय.

अनुस्वार:
‘गाजावाजा’ शब्द मागे घेतो. पूर्ण डोसशी थेट तुलना झालीच पाहिजे, हे मात्र मागे घेत नाही.

निशिगंध:
व्हायलाच हवी. पण कंपनी पैसे घालणार का? डोस बारावा हिस्सा, तोही दोनऐवजी तीन आठवड्यांनी; म्हणजे स्वतःच्या औषधाचा खप अठराव्या हिश्श्यावर आणायला? सरकारी पैशानेच ती करावी लागेल.

कोरडवाहू:
पोस्ट काढतोय. ‘प्रयोग केले’ हे चुकीचं होतं. पैसेवाल्याला २० देतात का, हा माझा प्रश्न तसाच आहे. आणि एक विचारायचंय. आमच्या गावात एकाला पुन्हा गाठ आलीय. कुपी ४० मिग्रॅची असते ना? मग उरलेल्या २० चं काय करतात?

निशिगंध:
दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावलं तर एक कुपी दोघांत लागते. हा डोस त्यांना चालेल का, ते मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच सांगतील. जुने सगळे रिपोर्ट आणि बायॉप्सीचे ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात जपलेले ठोकळे) सोबत न्या. ब्लॉक नसले तर पुन्हा हेलपाटा पडतो.