हेक्स फाईल ५९ केबीची, चिप ३२ केबीची. मग प्रोग्राम मावला कसा?

टाकीवाला_मुलुंड

नमस्कार मंडळी, सोसायटीच्या पंपासाठी कंट्रोलर करतोय. पहाटे पालिकेचं पाणी येऊन खालची टाकी भरते, मग वरच्या टाकीची पातळी बघून पंप चालू-बंद करायचा. बोर्ड आर्डुइनो उनो, चिप ॲटमेगा ३२८पी, फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) ३२ केबी.

एक्स्पोर्ट केलेली हेक्स फाईल (चिपवर चढवायचा प्रोग्राम) ६०,०४३ बाइटची निघाली. शेजारची ईएलएफ (कंपाईल करताना बनणारी दुसरी फाईल) तर काहीशे केबी. तरी अपलोड बिनबोभाट होतं! कंपाईल केल्यावर आकडे येतात ते असे: प्रोग्राम २१,३४४ बाइट (३२,२५६ पैकी ६६ टक्के), ग्लोबल व्हेरिएबल्स १,६१० बाइट (२,०४८ पैकी ७८ टक्के).

अडचण अशी की ओलेड डिस्प्ले जोडलाय, पण स्क्रीन कोरीच राहते. लॅमिंग्टन रोडला एक दुकानदार म्हणाला, "मेमरी फुल झाली, मोठा बोर्ड घ्या." फाईलचा आकार बघता त्याचंही पटतं. नक्की कुठला आकडा धरायचा?

कथिल_आणि_धूर

फाईलचा आकार विसरा. हेक्स ही साधी मजकूर फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक ओळीत १६ बाइट डेटा, पण एकेक बाइट दोन अक्षरांत लिहिलेला, म्हणजे ३२ अक्षरं. शिवाय सुरुवातीचा कोलन, लांबी, पत्ता, प्रकार, शेवटी चेकसम (चूक पकडणारी बेरीज) अशी ११, आणि ओळ संपल्याची २. एकूण ४५. तुमचे २१,३४४ बाइट म्हणजे १,३३४ ओळी, गुणिले ४५, वर शेवटची छोटी ओळ. येतात ना बरोब्बर ६०,०४३? अपलोड करताना हे सगळं गळून पडतं, फ्लॅशमध्ये जातो तो फक्त डेटा. ईएलएफमधला फुगवटा डीबगच्या (चुका शोधायच्या) माहितीचा, तीही चिपवर जात नाही. आणि ३२,७६८ ऐवजी ३२,२५६ दिसतात कारण ५१२ बाइट बूटलोडरचे, म्हणजे नवा प्रोग्राम चिपवर उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे.

तेव्हा फ्लॅशमध्ये ऐसपैस जागा आहे. मार खाताय तो रॅममध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या मेमरीत; ते २,०४८ बाइट तिचेच. डिस्प्लेसाठी अडाफ्रूटची लायब्ररी वापरताय का? १२८ बाय ६४ च्या स्क्रीनसाठी ती १,०२४ बाइटचा बफर (स्क्रीनवरचं चित्र ठेवायची जागा) प्रोग्राम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे तो त्या १,६१० मध्ये धरलेलाच नाही. उरलेत ४३८. कुठून देणार?

टाकीवाला_मुलुंड

हो, अडाफ्रूटचीच! सिरीयलवर छापायचे मेसेज बरेच आहेत, ते काढू का?

कथिल_आणि_धूर

काढू नका, एफ मॅक्रोत गुंडाळा, म्हणजे ते फ्लॅशमध्येच राहतील. साधी स्ट्रिंग फ्लॅशमध्येही बसते आणि सुरू होताना रॅममध्येही कॉपी होते. एव्हीआर-साईझ (आकार मोजणारं साधन) चालवलंत तर हेच दिसेल: टेक्स्ट (कोड) अधिक डेटा (सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल्स) म्हणजे फ्लॅश, डेटा अधिक बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी व्हेरिएबल्स) म्हणजे रॅम. डेटा दोन्हीकडे मोजला जातो. स्टॅक (फंक्शन चालताना लागणारी तात्पुरती रॅम) आणखी वेगळा.

गच्चीवरचा

एक विचारू? माझ्याकडे बूटलोडरसकटची बिन फाईल नेहमी ३२,७६८ बाइटच असते, अगदी एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम असला तरी.

कथिल_आणि_धूर

बूटलोडर फ्लॅशच्या पार शेवटी बसतो. बिनमध्ये पत्ते नसतात, म्हणून मधली रिकामी जागाही भरून काढावी लागते. हेक्समध्ये पत्ता लिहिलेला असतो, तिथे ती गाळता येते.

टाकीवाला_मुलुंड

एफ लावलं. ग्लोबल १,१९८ वर आले, पण ८५० मध्ये १,०२४ काही मावत नाहीत, स्क्रीन अजून कोरीच. दुसरी लायब्ररी सुचवा. मला चित्रं नकोत, पातळीचा आकडा आणि "पंप चालू" एवढं दिसलं तरी पुरे.

कथिल_आणि_धूर

मग यू८जी२ घ्या आणि तिच्यातलं यू८एक्स८ वापरा. त्यात फक्त अक्षरं, बफरच नाही. बोर्ड तोच ठेवा.